कैरोत बिऱ्हाड मांडताना : पिरॅमिडच्या आधीचे दोन महिने

कैरोला नोकरी लागली, असं सांगितलं की समोरचा हमखास पिरॅमिडबद्दल विचारतो. विमानतळावरून घरी जाताना रिंग रोडवर गाडी चढते आणि धुक्यातून ते त्रिकोण दिसतात, तेव्हा आपल्यालाही वाटतं की येत्या शुक्रवारीच तिकडे जावं. माझं सांगणं वेगळं आहे. पहिले दोन महिने गिझाकडे फिरकू नका. तोवर तुम्हाला आकडे वाचता येत नसतात, कशाची किंमत किती हे कळत नसतं आणि उंटवाल्याला कुठल्या सुरात ‘ला, शुक्रन’ म्हणजे ‘नको, धन्यवाद’ म्हणायचं हेही ठाऊक नसतं. अशा वेळी जाऊन आलेली माणसं मनात कटुता घेऊन परततात आणि मग वर्षभर सगळ्या इजिप्तकडे त्याच नजरेनं बघतात. हाताशी दोन-तीन वर्षं आहेत. आधी आपली गल्ली शिकून घ्या.

निघण्यापूर्वी

पगार कुठल्या चलनात मिळणार, हा प्रश्न घर, शाळा, सुट्ट्या या सगळ्यांच्या आधी विचारा. ६ मार्च २०२४ ला इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेनं पाउंडाचा दर मोकळा सोडला. आदल्या दिवशी डॉलरला सुमारे ३१ पाउंड मिळत होते, त्या दिवशी ते ५०च्या घरात गेले. पाउंडात पगार घेऊन घरी रुपये पाठवणाऱ्यांची बचत एका दिवसात कितीनं घटली, याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून करार डॉलरमध्ये, निदान डॉलरशी बांधलेला असावा. तो होत नसेल तर पगाराचा फेरविचार दर किती महिन्यांनी होणार, हे लेखी घ्या.

कागदांचं काम भारतातच उरका. पदवीची प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले हे सगळं परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि नंतर इजिप्तच्या वकिलातीकडून साक्षांकित करून आणा. इजिप्तची एक वकिलात मुंबईत आहे, तेव्हा दिल्लीला जाण्याआधी तिथे चौकशी करा. कैरोत पोचल्यावर हे करायला बसलात तर कुरिअरच्या फेऱ्यांत महिने जातात. कामाचा परवाना कंपनी काढते. एका परदेशी माणसामागे नऊ इजिप्शियन कर्मचारी हवेत, असा सर्वसाधारण नियम असल्यामुळे छोट्या कंपन्यांना हे अवघड जातं. कंपनी लहान असेल तर ‘परवाना नक्की मिळेल ना’ हे विचारण्यात संकोच नको. परवान्यासाठी एचआयव्हीची रक्ततपासणी होते. निवासाचा शिक्का पूर्वी तहरीर चौकातल्या ‘मुगम्मा’ या अवाढव्य इमारतीत मिळायचा, आता ते काम अब्बासियाला चालतं. जुन्या लेखांतला पत्ता बघून तहरीरला जाऊ नका.

बॅगेत हिंग, कोकम, कढीपत्ता, तूरडाळ आणि गोडा मसाला भरा. जिरे, धणे, हळद नेण्याची गरज नाही. ड्रोन मात्र चुकूनही नेऊ नका, त्यावर बंदी आहे आणि तो विमानतळावरच जप्त होतो. बाहेरून आणलेल्या मोबाइलवर २०२५ पासून कर लागू आहे, म्हणून नवा फोन घेऊन जाणार असाल तर ताजा नियम कंपनीला विचारून घ्या.

घरच्यांना एक सांगून ठेवा. हिवाळ्यात कैरो आपल्या साडेतीन तास मागे असतं, तर एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारपासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत अडीच तास. घड्याळं बदलण्याची ही पद्धत २०२३ पासून पुन्हा सुरू झाली आहे. आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. रविवारी सकाळी आईचा निवांत फोन येतो, तेव्हा तुम्ही ऑफिसात असता.

घर, आणि घराच्या दाराशी बसलेला माणूस

परदेशी लोक प्रामुख्यानं मआदी, झमालेक, हेलिओपोलिस, न्यू कैरो आणि पश्चिमेकडच्या शेख झायेदमध्ये राहतात. मुलं असतील तर आधी शाळा ठरवा आणि शाळेच्या जवळ घर घ्या. कैरोच्या रहदारीत शाळेची बस दीड-दीड तास अडकते. मूलबाळ नसेल तर माझं मत मआदीच्या बाजूनं आहे. तिथे झाडं आहेत, पायी फिरता येईल असे रस्ते आहेत, भाजीवाला कोपऱ्यावर आहे आणि मेट्रोची पहिली लाइन जवळून जाते. न्यू कैरोतली घरं नवी आणि मोठी असतात, पण तिथे गाडीशिवाय पाव आणायलाही जाता येत नाही.

दलालाला ‘सिमसार’ म्हणतात. तो साधारण एका महिन्याचं भाडं घेतो, घरमालक तेवढीच अनामत मागतो. सामानासकट असलेलं घर म्हणजे ‘मफ्रूश’. ते बघताना सगळे नळ सोडून पाण्याचा जोर बघा, गीझर पेटवून बघा, एसी सुरू करून दहा मिनिटं बसा. विजेचा मीटर बहुधा कार्डाचा असतो. कार्ड दुकानातून भरून आणायचं, मीटरमध्ये घालायचं. उन्हाळ्यात रात्री दोनला शिल्लक संपते आणि एसी बंद पडतो, म्हणून कार्डात नेहमी थोडं जास्त ठेवा. घरच्या इंटरनेटला महिन्याचा ठरावीक कोटा असतो. भारतात अमर्याद डेटा वापरायची सवय झालेल्या माणसाला पहिल्या महिन्यात हे जड जातं.

आता बव्वाब. हा शब्द ‘बाब’ म्हणजे दार, यावरून आला. आपण वॉचमन म्हणतो त्याहून हा माणूस बराच मोठा असतो. तो सहसा वरच्या इजिप्तमधल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या एखाद्या गावातून आलेला असतो आणि कुटुंबासह तळमजल्यावरच राहतो. गाड्या पुसणं, कचरा, जिना, पाण्याचा पंप, पाहुण्यांवर नजर हे सगळं तोच बघतो. प्लंबर म्हणजे ‘सब्बाक’ आणि वायरमन म्हणजे ‘कहरबाई’ हवा असेल तर त्यालाच सांगायचं. पहिल्याच दिवशी त्याच्याकडे जा, हस्तांदोलन करा, नाव विचारा, मुलांची चौकशी करा. वयस्कर असेल तर ‘या हग’ म्हणा. हज करून आलेल्याला देतात तो मान आहे, पण तिथे तो वयाला दिला जातो. महिन्याचे किती द्यायचे हे शेजाऱ्यांना विचारा आणि पहिल्या तारखेला, न मागता, हातात द्या. सणाला थोडे जास्त. मी आजारी पडलो तेव्हा औषध आमच्या बव्वाबनं आणलं आणि दुपारी त्याच्या बायकोनं मसुरीचं सूप पाठवलं. कंपनीला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आकडे, आणि ओळखीचे वाटणारे शब्द

अरबी लिपी शिकायला वर्ष लागेल, पण आकडे एका संध्याकाळी येतात. बिल, गाडीचा नंबर, भाजीवरची पाटी, घराचा क्रमांक सगळीकडे तेच असतात. अरबीत त्यांना ‘हिंदी आकडे’ म्हणतात, कारण ते भारतातूनच तिकडे गेले. त्यामुळे तिथला दोन आणि तीन आपल्या २ आणि ३ चे भाऊ वाटतात, तोंडं तेवढी उलटीकडे. एक म्हणजे उभी रेघ. चार दिसतो उलट्या फिरवलेल्या इंग्रजी तीनसारखा. सहा हा इंग्रजी सातसारखा असतो, म्हणून तिथे जपून. सात म्हणजे दरी, आठ म्हणजे तीच दरी पालथी, घराच्या छपरासारखी. नऊ ओळखीचा आहे. खरा घोळ पाच आणि शून्यात होतो. पाच हा गोल असतो, अगदी आपल्या शून्यासारखा, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. पन्नासची पाटी बघून ‘शून्याच्या पुढे ठिपका का?’ असा विचार करत उभे राहू नका. शब्द उजवीकडून डावीकडे वाचायचे असले तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचले जातात.

शब्दांच्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. हॉटेलात बिल मागायचं तर ‘अल-हिसाब’. दुकान ते ‘दुक्कान’, साबण ‘साबून’, खुर्ची ‘कुर्सी’, चौक तो ‘मिदान’, म्हणजे आपलं मैदान. इमारतीला ‘इमारा’ म्हणतात. पुरे झालं, संपलं, ठरलं या सगळ्यांना एकच ‘खलास’. बक्षिसाला ‘बक्शीश’ म्हणतात, पण तिथे ते स्पर्धा जिंकल्याबद्दल मिळत नाही, लहानसहान मदतीबद्दल द्यायचं असतं. खिशात सुट्ट्या नोटा कायम ठेवा. एक शब्द मात्र फसवतो. ‘शहर’ म्हणजे महिना. भाड्याच्या बोलण्यात तो सारखा येतो.

उच्चारांचं एक सूत्र लक्षात ठेवा. इजिप्तमध्ये ‘ज’चा ‘ग’ होतो, त्यामुळे जमाल तिथे गमाल असतो. अनोळखी मोठ्या माणसाशी बोलताना ‘इन्ता’ म्हणजे ‘तू’ टाळा आणि ‘हदरितक’ म्हणा, बाईंना ‘हदरितिक’. आपल्या ‘आपण’सारखं ते वजनदार आहे आणि परदेशी माणसाच्या तोंडून आलं की समोरचा चेहरा खुलतो. तुम्ही भारताचे आहात हे कळलं की अमिताभ बच्चनची चौकशी होणार. त्याचे जुने चित्रपट तिथल्या दोन पिढ्यांनी मनापासून पाहिले आहेत. टॅक्सीवाला एखादी धून गुणगुणायला लागला तर तुम्हीही साथ द्या.

रस्त्यावर

रस्ता ओलांडणं हे पहिल्या आठवड्यातलं सर्वांत कठीण काम. सिग्नल फार थोड्या ठिकाणी आहेत. तिथली माणसं एका वेळी एकच लेन ओलांडतात आणि दोन लेनच्या मधल्या रेघेवर शांतपणे उभी राहतात. एखाद्या स्थानिक बाईच्या शेजारी उभे राहा, गाड्या जिकडून येतात त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि ती चालली की चाला. मध्येच धावू नका, मागे फिरू नका. चालणाऱ्याचा वेग बघून गाडीवाला अंदाज बांधत असतो, तो चुकला की अपघात होतो.

मेट्रो १९८७ मध्ये सुरू झाली, आफ्रिका खंडातली ती पहिली. गाडीच्या मधले दोन डबे स्त्रियांसाठी राखीव असतात. मआदीहून ‘सादात’ला उतरलं की तुम्ही तहरीर चौकात. मेट्रो नसेल तिथे उबर किंवा करीम या ॲपची गाडी. रस्त्यावरच्या टॅक्सीत बसलात तर मीटर चालू करायला लावा. ‘यमीन’ उजवीकडे, ‘शिमाल’ डावीकडे, ‘अला तूल’ सरळ, ‘अला गम्ब’ म्हणजे इथे बाजूला थांबवा. एवढ्या चार शब्दांवर शहर फिरता येतं.

स्त्रियांना स्पष्ट सांगायला हवं की रस्त्यावरची शेरेबाजी आणि पाठलाग हे तिथलं वास्तव आहे. २०२१ मध्ये त्याविरुद्धचा कायदा कडक झाला, तरी सवयी सावकाश बदलतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, मेट्रोत स्त्रियांचा डबा, रात्री ॲपवरची गाडी ही काळजी घ्या. कुणी त्रास दिलाच तर मोठ्या आवाजात ‘ऐब!’ म्हणजे ‘लाज वाटत नाही?’ असं म्हणा. आसपासची माणसं, विशेषतः वयस्कर बायका, लगेच तुमच्या बाजूनं उभ्या राहतात.

स्वयंपाकघर

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण घर लागतं ते चुलीपाशी.

सकाळी हातगाडीवर ‘फूल’ मिळतं. नावावर जाऊ नका, हे वालासारखे बाकल्याचे दाणे असतात, रात्रभर मंद आचेवर शिजवलेले. त्यावर जिरेपूड, लिंबू, तेल आणि सोबत गरम ‘एश बलदी’ म्हणजे कोंडा असलेल्या पिठाची फुगलेली भाकरी. ‘एश’चा अर्थ जगणंही होतो. बाकल्याच्याच वाटणाचे वडे म्हणजे ‘तामिया’. दुपारी ‘कोशरी’, त्यात भात, मसूर, मकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. या पदार्थाचं मूळ आपल्या खिचडीत आहे असं बहुतेक मानलं जातं, आणि भात-मसुरीचा पहिला घास घेतला की ते पटतं.

शाकाहारी माणसानं ‘मी शाकाहारी’ असं म्हटलं की ताटात कोंबडी येऊ शकते, कारण ‘मांस’ म्हणजे गुरा-बकऱ्याचं, अशी समजूत आहे. त्यापेक्षा ‘सियामी’ विचारा. कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास करतात आणि त्या काळात मांस, अंडी, दूध काही खात नाहीत. त्या जेवणाला सियामी म्हणतात आणि प्रत्येक हॉटेलवाल्याला ते नेमकं कळतं. काही उपासांना मासे चालतात, तेवढं वेगळं विचारा. मोलोखिया ही हिरवी भाजी मात्र बहुतेकदा कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्शात शिजवतात.

बाजारात ‘बामिया’ म्हणजे भेंडी, बोटाच्या पेराएवढी कोवळी. ‘लुबिया’ म्हणजे चवळी. ‘अद्स अस्फर’ ही आपली मसूर डाळ, वरणासाठी तीच वापरा. जिरे ‘कमून’, कोथिंबीर ‘कुझबरा’. चिंचेला म्हणतात ‘तम्र हिंदी’, हिंदुस्थानी खजूर, आणि तिचं सरबत रमजानात सगळीकडे असतं. गूळ मिळत नाही म्हणून हळहळू नका. ‘असल इस्वद’ मागा, शब्दशः काळा मध. ती उसाची काकवीच आहे, वरच्या इजिप्तच्या उसाची. तिथले लोक ती तिळाच्या ताहिनीत कालवून भाकरीशी खातात. संक्रांतीला मला याहून जवळचं काही सापडलं नाही. आणि जुलै ते सप्टेंबर इस्माइलियाचे आंबे येतात. त्यात ‘हिंदी’ नावाचीच एक जात आहे. हापूसशी तुलना न करता ‘ओवैसी’ खाऊन बघा.

वर्ष कसं फिरतं

रमजानात ऑफिसच्या वेळा आखडतात, दुपारी रस्ते सुस्त असतात आणि सूर्यास्ताआधीच्या तासाभरात गाड्या बेफाम धावतात. त्या तासात बाहेर पडू नका. दिवसा रस्त्यावर खाणं-पिणं टाळा. इफ्तारचं बोलावणं आलं तर जरूर जा, मिठाईचा डबा घेऊन. मार्च ते मेमध्ये अधूनमधून ‘खमासीन’ हा वाळूचा वारा सुटतो. नाव पन्नास या आकड्यावरून आलंय. आकाश पिवळं होतं, खिडक्यांच्या फटींना ओली फडकी लावावी लागतात. दमा असलेल्यांनी औषध हाताशी ठेवावं. हिवाळ्यात घरं आतून चांगलीच गारठतात, म्हणून एक रजई आणि स्वेटर घ्याच.

कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ‘शम्म अन्-नसीम’ येतो. धर्म कुठलाही असो, सगळं शहर त्या दिवशी बागेत चटया टाकून बसतं. जेवणात ‘फसीख’ म्हणजे खारवून मुरवलेला मासा, पातीचा कांदा आणि रंगवलेली अंडी. कोकणातल्या माणसाला त्या वासानं घरची सुकट आठवेल. फसीख फक्त खात्रीच्या दुकानातून घ्या, नीट न मुरवलेल्या माशानं दर वर्षी विषबाधा होतात.

तब्येतीचं थोडक्यात सांगतो. पाणी बाटलीचं किंवा फिल्टरचं प्या. नाईलमध्ये आणि कालव्यांत उतरू नका, तिथे बिलहार्झिया हा परजीवी किड्यांचा रोग पसरवणाऱ्या गोगलगायी असतात. भटकी कुत्री पुष्कळ आहेत, चावलं तर त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. रुग्णवाहिका १२३, पोलीस १२२, अग्निशमन १८०, पर्यटक पोलीस १२६. लष्कर, पोलीस, पूल आणि सरकारी इमारतींचे फोटो काढू नका.

आता फिरायला निघा

सुरुवात सक्काराहून करा. जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड सुमारे ४,६५० वर्षांपूर्वीचा आहे, त्याचा स्थपती इम्होतेप यानं बांधलेला. दगडात एवढं मोठं काही उभारण्याची ती पहिली वेळ. त्याच दिवशी दहशूरला जा. तिथल्या वाकड्या पिरॅमिडचा उतार मध्येच बदललेला दिसतो आणि शेजारचा लाल पिरॅमिड सरळ आहे. हे तिन्ही पाहून मग गिझाला गेलात की खुफूचा पिरॅमिड अचानक आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. चुका करत, शिकत आलेल्या माणसांचं काम म्हणून तो दिसतो. मूळ उंची १४६ मीटरच्या वर होती. बहुतेक सरकारी स्थळांवर आता रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतं. मुलांची शाळा-कॉलेजची ओळखपत्रं न्या, विद्यार्थ्यांना अर्धं तिकीट असतं.

संग्रहालयं तीन आहेत, ती एका दिवसात कोंबू नका. गिझाशेजारचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम १ नोव्हेंबर २०२५ ला रीतसर उघडलं. तुतनखामुनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू प्रथमच तिथे एकत्र मांडल्या आहेत. राजे-राण्यांच्या ममी जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या संग्रहालयात आहेत, २२ ममी ३ एप्रिल २०२१ ला वाजतगाजत तिथे नेल्या. तहरीरचं १९०२ चं जुनं संग्रहालय आता कमी गर्दीचं आहे आणि मला तेच सर्वांत प्रिय आहे.

लक्सर आणि अस्वानला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, रेल्वेनं जा. कर्नाकच्या सभामंडपात १३४ खांब आहेत, सकाळी सहाला दारात हजर राहिलात तर त्यांच्यात एकटं उभं राहता येतं. अबू सिंबल अस्वानपासून सुमारे २८० किलोमीटरवर. धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ या काळात ते मंदिर कापून ६५ मीटर वर नेलं. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतं ऊन थेट गाभाऱ्यात पोचतं. कोल्हापूरचा किरणोत्सव पाहिलेल्यांनी ते जरूर गाठावं, मुक्काम महिनाभर आधी ठरवून.

आपला धागा असलेल्या तीन जागा कैरोतच आहेत. मुइझ्झ रस्त्याच्या उत्तर टोकाला अल-हाकिमची मशीद आहे, हजार वर्षांपूर्वीची. पडझड झालेली ती वास्तू मुंबईच्या दाऊदी बोहरा समाजानं सय्यदना मुहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकारानं दुरुस्त केली आणि १९८० मध्ये ती पुन्हा खुली झाली. आजही अंगणात भेंडी बाजाराची गुजराती ऐकू येते. हेलिओपोलिसमध्ये बॅरन एम्पेन या बेल्जियन उद्योगपतीचा १९११ मध्ये पुरा झालेला वाडा आहे, अंगकोर वाट आणि ओडिशाच्या मंदिरांच्या धर्तीवरचा, २०२० पासून बघायला खुला.

त्याच भागात हेलिओपोलिस युद्ध स्मशानभूमी आहे. पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये मरण पावलेल्या आणि ज्यांची थडगी कुठे आहेत हे माहीत नाही अशा जवळजवळ ४,००० भारतीय सैनिकांची नावं तिथल्या फलकांवर आहेत. त्यांचं मूळ स्मारक १९२६ मध्ये सुएझ कालव्याच्या तोंडाशी, पोर्ट तौफिकला उभारलं होतं. ते इजिप्त-इस्रायल लढायांत उद्ध्वस्त झालं, म्हणून १९८० मध्ये नावं इथे आणली. उघडण्याच्या वेळा आधी पाहून जा. नावं पलटणींनुसार लावलेली आहेत, तेव्हा घरी कुणी पणजोबांची पलटण सांगत असेल तर ती लिहून न्या. वाटेत फुलं घ्यावीशी वाटली तर ‘वर्द’ मागा. ‘फूल’ म्हणालात तर बाकल्याची वाटी हातात येईल.